यंत्राला हातगुण असतो का?

नाशिकरोडच्या कुठल्याही दवाखान्यात बाकावर अर्धा तास बसा, एक वाक्य हमखास कानावर येतं: "त्यांच्या हाताला गुण आहे." गोळी तीच, मात्रा तीच, पण अमक्या डॉक्टरांनी दिली की लागू पडते. लकव्याच्या बाबतीत तर हा विश्वास फारच खोल रुजलेला आहे. अंगावरून वारं गेलं की घरची मंडळी आधी हात शोधायला लागतात. कुणी मालिशवाल्याचा, कुणी गावठी औषध देणाऱ्याचा, कुणी कबुतराच्या रक्ताने हातपाय चोळून देणाऱ्याचा. अलीकडे त्यात फिजिओ मॅडमच्या हाताची भर पडली आहे आणि ही भर फार मोलाची आहे. आता मोठ्या शहरांतल्या पुनर्वसन केंद्रांत त्या हाताच्या शेजारी एक यंत्र येऊन उभं राहिलंय. लुळा पडलेला हात किंवा पाय त्यात बांधायचा आणि त्याच्या मदतीने हलवायचा. रुग्ण आपला हात या यंत्राच्या हवाली करेल का, आणि केलाच तर कशाच्या भरवशावर, हा प्रश्न मला यंत्राच्या रचनेइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. 'रोबोट' म्हटलं की नातेवाईक विचारतात, "म्हणजे पुन्हा ऑपरेशन?" रोबोटिक शस्त्रक्रियेच्या जाहिराती सगळीकडे आहेत, त्यामुळे ही शंका येणारच. पुनर्वसनाचा रोबोट कुठे कापत नाही, टोचत नाही. त्याचा चेहराही माणसासारखा नसतो. टेबलावर बसवलेला एक दांडा, बोटांना अडकवायची खाच किंवा पायांना बाहेरून बांधायचा सांगाडा, आत मोटर, आणि हात किती जोराने कुठे ढकलतोय हे मोजणारे सेन्सर. एवढंच.

मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, तेव्हा पक्षाघात, म्हणजेच लकवा, होतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. कबुतराच्या रक्ताचा उपयोग शून्य, आणि त्याच्या शोधात हे मोलाचे तास निघून जातात, म्हणून त्याचा उल्लेख मी वर मुद्दाम केला. हा आजार किती दूरचा? डॉ. पी. एम. दलाल यांच्या पुढाकाराने झालेल्या मुंबई स्ट्रोक रजिस्ट्रीने २००५-०६ मध्ये मोजदाद केली, तेव्हा वर्षाला पंचविशीपुढच्या दर लाख लोकांमागे सुमारे १४५ जणांना पहिला झटका आल्याचं दिसलं. नाशिकरोडसारख्या दाट वस्तीत जवळपास प्रत्येक गल्लीत असं एखादं घर सापडेल.

मेल्या पेशी परत येत नाहीत. तरीही माणूस सुधारतो, तो कसा? पावसाळ्यात कसारा घाटात दरड कोसळली की काय होतं ते नाशिकरोडकरांना सांगायला नको. मुंबईहून भुसावळकडे निघालेल्या गाड्या पुणे-दौंड-मनमाडवरून वळवतात. वाट लांबची, उशीर ठरलेला, पण गाडी पोचते. मेंदूही असंच करतो. 'मूठ उघड' हा निरोप नेहमीच्या वाटेने जाईनासा झाला की तो शेजारच्या पेशींमधून वाट काढू पाहतो. मात्र रेल्वेला एक आदेश पुरतो, मेंदूला पुरत नाही. त्या वाटेवरून गाडी शेकडो, हजारो वेळा न्यावी लागते. रँडॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मेंदूतल्या हाताच्या भागाला छोटी इजा झाल्यावर ज्या माकडांकडून छोट्या खळग्यांतून खाऊ उचलायचा सराव करून घेतला, त्यांच्या मेंदूतला हाताचा उरलेला भाग शाबूत राहिला, काहींमध्ये तो आजूबाजूला पसरलाही. सराव न केलेल्यांमध्ये इजा न झालेला भागही हातातून गेला. वापरलं नाही तर शिल्लक असलेलंही जातं, असं हे कठोर गणित आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. अमेरिकेत कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या सत्रांत बसून मोजलं. कामाच्या हालचालींचा सराव एका सत्रात सरासरी ३२ वेळा होत होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हाच आकडा काही शेकड्यांत असतो. यात थेरपिस्टचा दोष मुळीच नाही. लुळ्या हाताचं वजन फार असतं, पायाचं त्याहून जास्त. ट्रेडमिलवर रुग्णाला चालवायचं तर दोन्ही बाजूंना एकेक जण वाकून बसतो आणि प्रत्येक पावलाला पाय उचलून पुढे ठेवतो. दहा मिनिटांत कंबर धरते. झ्युरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात गेरी कोलोंबो यांनी लोकोमॅट नावाचं यंत्र घडवलं ते या कंबरदुखीतून सुटका व्हावी म्हणून. रुग्णाला पट्ट्यांनी अधांतरी तोलून धरायचं आणि पायांना बांधलेल्या सांगाड्याने ट्रेडमिलवर पावलं टाकायला लावायची. 'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठ. इथे तो अर्थ शब्दशः लागू पडतो, कारण हजार वेळा हात हलवण्याची वेठ माणसाऐवजी यंत्र वाहतं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट मात्र मोटरमध्ये नाही. ती आहे नमतं घेण्यात. कारखान्यातला रोबोट ताठर असतो. ठरलेल्या जागी तो जाणारच, मध्ये काय आलं याची त्याला पर्वा नसते. म्हणून त्याच्याभोवती जाळी लावतात. अशा यंत्राला आजारी माणसाचा हात कोण बांधेल? एमआयटीतले नेव्हिल होगन यांनी १९८५ साली वेगळा विचार मांडला. यंत्राने फक्त जागा सांभाळायची नाही, समोरून आलेल्या जोराला किती विरोध करायचा आणि किती झुकायचं हेही सांभाळायचं. याच विचारावर त्यांनी आणि हेर्मानो इगो क्रेब्स यांनी १९८९ पासून एमआयटी-मानस हे यंत्र विकसित केलं आणि १९९४ मध्ये पक्षाघाताचा पहिला रुग्ण त्यावर बसला. समोर पडद्यावर एक ठिपका, त्याच्याभोवती घड्याळातल्या आकड्यांसारखे आठ ठिपके. रुग्णाने दांडा धरून मधल्या ठिपक्यापासून कडेच्या ठिपक्यापर्यंत जायचं. हात स्वतःहून निघाला तर यंत्र बाजूला होतं. हात अडला, भरकटला, तर हलकेच वाटेवर आणतं. सायकल शिकवताना वडील मागून सीट धरतात, पोराने तोल सांभाळला की सोडतात आणि डगमगला की पुन्हा धरतात, तसं. यंत्राला हातगुण असेल तर तो इथे आहे.

आता डोळ्यांपुढे एक माणूस आणा. जेल रोडला राहणारे, प्रेसमधून निवृत्त झालेले एक आजोबा. नाशिकरोडला 'प्रेस' म्हणजे वर्तमानपत्राचं कार्यालय नव्हे, १९२५ चं इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ चं करन्सी नोट प्रेस. तिथल्या कामगारांच्या पिढ्यांवर हे गाव वाढलं. हा माणूस आयुष्यभर यंत्रांत राहिलेला आहे. खंडेनवमीला यंत्राला झेंडूचा हार घालून हळदकुंकू वाहणाऱ्या समाजातला आहे. आवाजावरून बिघाड ओळखणारा आहे. त्याला यंत्राची भीती वाटेल असं कुणीही म्हणणार नाही. आणि तरीही उजवा हात पट्ट्यांत अडकवून कुणी त्याला रोबोटपुढे बसवलं, तर तो आक्रसून जाण्याची शक्यता मोठी आहे. कारण आजवर त्याने यंत्र चालवलं. आता यंत्र त्याला चालवणार आहे.

हा फरक समजून घेतल्याशिवाय 'रुग्ण तंत्रज्ञान स्वीकारतात का' या प्रश्नाला अर्थ नाही. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली कार्यालयांतल्या संगणकांसाठी एक साधी मांडणी केली होती: ही वस्तू माझ्या उपयोगाची आहे असं मला वाटतं का, आणि ती वापरायला सोपी वाटते का, यावर माणूस ती स्वीकारेल की नाही हे ठरतं. पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी ही मांडणी उचलली आणि ती बरीच लागूही पडते. पण संगणक नको झाला तर माणूस खुर्चीवरून उठून जाऊ शकतो. पट्ट्यांत बांधलेला, अर्धं अंग न हलणारा, कदाचित बोलायलाही अडखळणारा माणूस कसा उठणार? उजवी बाजू गेली असेल तर मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली असते, आणि बहुतेकांच्या बोलण्याचं केंद्र त्याच भागात असतं. अशा माणसाला "खांदा दुखतोय, थांबवा" एवढंही म्हणता येत नाही. म्हणून थांबवण्याचं लाल बटण त्याच्या चांगल्या हाताजवळ आहे का, आणि पहिल्याच दिवशी त्याच्याकडून ते एकदा दाबून घेतलं का, या दोन गोष्टींवर पुढचे कितीतरी दिवस अवलंबून असतात. यंत्र आपल्या शब्दाने थांबतं हे कळलेला माणूस यंत्रात निवांत बसतो.

आणखीही गोष्टी आहेत. त्या शोधनिबंधात एका ओळीत उरकल्या जातात, पण घरी त्यावरच चर्चा होते. चालण्याच्या यंत्राचे पट्टे मांड्यांमधून आणि कंबरेभोवती आवळावे लागतात. आयुष्यभर सहावारी नेसलेल्या आजींना त्यासाठी सलवार किंवा पायजमा घालावा लागतो, आणि पट्टे बांधणारा बहुतेकदा परका, तरुण माणूस असतो. पडदा ओढणं, सुनेला किंवा मुलीला जवळ उभं करणं, बाई थेरपिस्ट असेल तर तिला बोलावणं, यांत पाच मिनिटं जातात. ती वाचवली तर आजी दुसऱ्या दिवशी "पोट बरं नाही" म्हणून येत नाहीत. पडद्यावरच्या सूचना इंग्रजीत, खेळ सुपरमार्केटच्या ट्रॉलीचा, आणि शेवटी गुण. दहावीला नापास झालेल्या माणसाला साठाव्या वर्षी पुन्हा १०० पैकी २३ दाखवायचे का, याचा विचार करायला हवा. पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं. त्यांच्यासाठी तो आकडा नुसता आकडा राहत नाही. त्याच आकड्याचं उलटंही होतं. "काल तुमचा हात इथपर्यंत जात होता, आज बोटभर पुढे गेला," असं थेरपिस्टने दाखवलं की उमेद वाढते. डोळ्यांना न दिसणारी सुधारणा यंत्राला दिसते, हा त्याचा मोठा फायदा आहे. पण ती सांगायला माणूस लागतो.

आता सर्वांत अवघड भाग. या यंत्रांनी खरंच फरक पडतो का? रुग्णाला फसवून मिळवलेला होकार मला नको आहे, म्हणून हे स्वच्छ सांगितलं पाहिजे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. झटका येऊन किमान सहा महिने झालेले १२७ रुग्ण त्यात होते. रोबोटवर एका सत्रात हजाराहून अधिक हालचाली, अशी ३६ सत्रं. बारा आठवड्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. ३६ आठवड्यांनी दिसला. पण तितक्याच तीव्रतेने माणसाने दिलेल्या थेरपीपेक्षा रोबोट सरस ठरला नाही. ब्रिटनमधली रॅटुल्स ही चाचणी याहून मोठी, ७७० रुग्णांची, २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली. रोबोटच्या गटात ४४ टक्के, थेरपिस्टने वाढीव सराव दिलेल्या गटात ५० टक्के आणि नेहमीच्या उपचारांत ४२ टक्के लोकांच्या हातात ठरवलेल्या मापाइतकी सुधारणा झाली. सांख्यिकीच्या कसोटीवर हे फरक टिकले नाहीत. चालण्याच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानुसार पहिल्या तीन महिन्यांत, आणि मुळीच चालू न शकणाऱ्यांना, फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र मिळालं तर आधाराविना चालण्याची शक्यता वाढते. उलट जे थोडंफार चालतात त्यांच्यात थेरपिस्टच्या हातानेच जास्त प्रगती झाल्याचं २००८ च्या एका अभ्यासात आढळलं. त्यामागचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. यंत्र पाय उचलून देतंय हे कळलं की मेंदू आपली मेहनत कमी करतो. शरीर चालतं, माणूस चालत नाही.

इथे मला वाटतं, रुग्णाच्या मनातली तक्रार आणि प्रयोगशाळेतला निष्कर्ष एकाच जागी येऊन भेटतात. आजोबांना यंत्राने आपल्याला चालवावं हे नको आहे. त्यांच्या मेंदूलाही ते नकोच आहे. हात जितका जमेल तितका स्वतः गेला पाहिजे आणि उरलेलं यंत्राने पुरवलं पाहिजे, तेही दर आठवड्याला थोडं कमी. "काका, यंत्र तुमचा हात हलवणार नाही, तुम्ही हलवायचा, अडला तर ते मदत करेल," हे एक वाक्य पहिल्या दिवशी कुणी सांगितलं तर प्रेसमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला ते लगेच कळेल. तो पुन्हा यंत्र चालवणारा होतो.

रॅटुल्सच्या आकड्यांत आणखी एक खूण आहे. तिथे रोबोटवर सराव करणाऱ्यांच्या हाताची मूळ हालचाल सुधारली होती, पण ती रोजच्या कामांत उतरली नाही. थेरपिस्टच्या गटात मात्र रुग्णाने स्वतः निवडलेल्या कामांचा सराव होता. आपल्याकडे पहिलं काम विचारलं तर पुरुष असो की बाई, उत्तर बहुधा एकच येतं: जेवण. उजवा हात गेला की डाव्या हाताने जेवावं लागतं, आणि आपल्या घरांत ते नुसतं गैरसोयीचं नसतं, लाजेचं असतं. पंगतीला बसणं बंद होतं. लग्नाची निमंत्रणं टाळली जातात. चमचा धरणं वेगळं आणि भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवून तोंडापर्यंत नेणं वेगळं. त्यात अंगठा आणि दोन बोटं एकमेकांविरुद्ध काम करतात, मनगट वळतं, कोपर दुमडतो. पडद्यावरचे आठ ठिपके गाठणारा हात या घासापर्यंत आपोआप पोचत नाही. रोबोटवरून उठल्यावर लगेच पंधरा मिनिटं ताट पुढे ठेवून तोच हात वापरायला लावला, तर "याचा मला काय उपयोग" हा डेव्हिस यांचा पहिला प्रश्न रुग्णाच्या मनातच सुटतो. मांडी घालून बसणं, खाली बसून उठणं, बसच्या पायरीवर पाय ठेवणं या इथल्या गरजा. परदेशी यंत्रांच्या कार्यक्रमांत त्या फारशा नसतात. त्या थेरपिस्टने जोडून घ्यायच्या.

भारतात आता या गरजा ओळखून यंत्रं बनू लागली आहेत. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून बनवलेलं प्लूटो हे हाताच्या पंजासाठीचं छोटं यंत्र टेबलावर मावतं. एकाच मोटरला वेगवेगळ्या मुठी बसवून मनगट, पंजा आणि बोटांचा सराव त्यावर करता येतो. हैदराबादच्या बीएबल हेल्थचं आर्मएबल हे यंत्र खांदा आणि हातासाठी आहे. आयात यंत्रांच्या किमती कोटींत जातात, त्यामुळे ही छोटी यंत्रं नाशिकरोडसारख्या ठिकाणी पोचण्याची आशा जास्त. कारण लकव्यानंतर रोजच्या सरावासाठी मुंबई गाठणं हा कागदावरचा पर्याय आहे. धडधाकट पासधारकाला पंचवटी एक्स्प्रेसची सवय असते. पण एक पाय ओढत चालणाऱ्या माणसासाठी डब्याच्या त्या तीन पायऱ्याच डोंगराएवढ्या. शिवाय दाखल असेपर्यंतचा खर्च योजना किंवा विमा उचलतो, घरी आल्यावर महिनोन्‌महिने चालणारा सराव बहुधा स्वतःच्या खिशातून करावा लागतो. पैशाअभावी सोडलेल्या उपचाराला 'रुग्णाने नाकारलं' म्हणणं अन्यायाचं आहे.

मग घरच्यांनीच शिकून घ्यावं आणि करून घ्यावं, असं वाटणं साहजिक आहे. ते आपल्याकडे तपासूनही पाहिलंय. अटेंड नावाच्या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांमधले १,२५० रुग्ण होते. एका गटात नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिलं. हा निकाल २०१७ मध्ये आला तेव्हा अनेकांना धक्का बसला. मला त्यातून एवढंच दिसतं की सुनेच्या आणि बायकोच्या मायेवर सगळा भार टाकून भागत नाही. घरच्यांनी जेवताना डावा हात पुढे करू न देणं, दमल्यावर धीर देणं, हे करावं. शिकवायला मात्र शिकलेला माणूस हवा, आणि हजार वेळा करून घ्यायला यंत्र मिळालं तर त्या माणसाचे हात मोकळे होतात.

फिजिओथेरपी हीसुद्धा एकेकाळी इथे परकी होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओने पोरांचे पाय जात होते त्या काळात, मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. गोळी नाही, इंजेक्शन नाही, नुसता व्यायाम, याला उपचार मानायला लोकांना वेळ लागला. आज 'फिजिओ मॅडम' हा घरातला शब्द आहे. हातगुण आधी माणसाच्या वागण्यातून दिसला, मग त्याच्या शास्त्रावर विश्वास बसला.

म्हणून आपल्या माणसाला कुणी रोबोटवर बसवायचं ठरवलं, तर सत्र सुरू होण्याआधी थेरपिस्टना विचारून स्वतःचा हात त्यात ठेवून पाहा, रुग्णाच्या डोळ्यांसमोर. आधी हात सैल सोडा आणि यंत्र कुठे नेतं ते पाहा. मग मुद्दाम उलट्या दिशेला ढकला. चांगलं यंत्र हिसका देणार नाही. क्षणभर अडेल, तुमचा जोर ओळखेल आणि वाट देईल. तेवढं पाहून झालं की पट्टा सोडा आणि आजोबांना विचारा, "बसता का आता?"